रिकामी यादी

यादी रिकामी आली.

कंपनीचं नेटवर्क सांभाळणाऱ्या वायरबाईंनी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. एरवी तो उघडला की पडद्यावर चार नावं एकाखाली एक उभी राहायची. कंपनीतलं बोलणं ज्या चार वाटांनी त्यांच्या मशीनपर्यंत पोचायचं, त्या वाटांची ती नावं होती: ऑफिसची वायर, कारखान्याची वायर, गोदामाची वायर आणि वायफाय. हव्या त्या नावावर टिचकी मारायची आणि कान देऊन बसायचं. कोण कुणाला काय पाठवतंय ते आपोआप उमटायला लागायचं. आज चारातलं एकही नाव नव्हतं. घड्याळात दहा चाळीस झाले होते.

आणि ऐकायचं होतं ते आजच अकराला. नव्या पंपाची ड्रॉइंग कुणीतरी बाहेर पाठवत होतं. रोज बरोबर अकराला, गोदामाच्या वायरीवरून. गोदामात कॉम्प्युटर एकच, स्टोअरकाकांचा. त्यामुळे चोर कोण हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. साधी मेल धाडताना ज्यांना घाम फुटतो, ते काका ड्रॉइंग विकतील यावर वायरबाईंचा काडीचा विश्वास नव्हता. शिवाय अकराला काका ट्रक उतरवून घेत असतात आणि त्यांचा कॉम्प्युटर बंद असतो, हे बाईंनी दोनदा स्वतः जाऊन पाहिलं होतं. म्हणजे त्याच वायरीला दुसरंच कुणीतरी चिकटलं होतं. पाच मिनिटं ऐकलं असतं तरी त्या मशीनचा पत्ता हाती लागला असता.

"पोरी, जमतंय ना?" काका दारात उभे होते. हातात चष्म्याचं घर, ते उगाच उघडत होते आणि मिटत होते. "बाराला साहेबांनी बोलावलंय. राजीनामा टाइप करून तयार आहे म्हणे. मी नुसती सही करायची."

"सही कसली करताय! बाराच्या आत तुमचं नाव धुऊन देते. जा तुम्ही, ट्रक येईल तुमचा."

काका हसल्यासारखं करून गेले. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती त्यांची. चोर म्हणून घरी गेले, तर घरच्यांना तोंड दाखवणार नाहीत हे वायरबाईंना ठाऊक होतं.

त्या टेबलाखाली शिरल्या. वायर उपसली, फुंकर मारली, परत खोचली. मशीन बंद करून चालू केलं. अकरा वर्षं ज्या चुकीसाठी त्यांनी नवशिक्यांची टिंगल केली, तीच आज त्या करत होत्या. यादी रिकामी दिसली की नवशिके मशीन उघडून बसतात.

कालच तर त्यांनी साहेबांची फिरकी घेतली होती. काल साहेब स्वतः स्टूल ओढून शेजारी बसले होते. अकरा वर्षांत एकाही साहेबाला या खोलीचं दार माहीत नव्हतं, आणि हे म्हणत होते, मलाही शिकवा. साहेबांनी आपल्या नावानं प्रोग्रॅम उघडला, तर पडदा कोरा.

"बिघडलं की हो तुमचं मशीन!"

"मशीन ठणठणीत आहे, साहेब. त्याला तुम्ही परके," वायरबाई हसून म्हणाल्या होत्या. "ऐकणाऱ्यांच्या गटात ज्याचं नाव, त्यालाच यादी दिसते."

"गटात कोण कोण आहे?"

"मी एकटीच."

"आणि उद्या तुम्ही आजारी पडलात तर?"

"तुमच्या कपाटात सीलबंद पाकीट आहे ना, ते फोडायचं. त्यातल्या पासवर्डनं कुणाचंही नाव घालता येतं, काढताही येतं."

साहेबांनी मान डोलावली होती. बाईंना बरं वाटलं होतं. केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून या मशीनवर कसं यायचं, हेही त्यांनी हौसेनं करून दाखवलं. शिवाय उद्या अकराला आपण कोणत्या वायरीवर ऐकणार आहोत, तेही सांगून मोकळ्या झाल्या.

वायरबाई टेबलाखालून बाहेर आल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यांनी गट उघडला. गटात एकच नाव होतं, आणि ते त्यांचं नव्हतं.

त्यांनी घाईघाईनं पाकिटातला तोच पासवर्ड टाकला. चुकीचा आहे, असं मशीन म्हणालं. पुन्हा टाकला, एकेक अक्षर बोटानं दाबून. चुकीचा. रात्रीतून तो कुणीतरी बदलला होता. खाली आवारात ट्रक मागे घेतल्याचा आवाज आला आणि काकांची "येऊ दे, येऊ दे" अशी हाळी ऐकू आली. अकराला दोन मिनिटं होती.

फोन वाजला.

"काय बाई, दिसतंय का काही?" साहेबांचा आवाज नेहमीसारखाच गोड होता.

"नाही, साहेब."

"मला दिसतायत हो केबिनमधून. चारही. छान शिकवलंत तुम्ही. बाराचा अहवाल आता मीच लिहितो, तुम्ही त्रास घेऊ नका." पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज झाला. "फक्त एक जागा कोरी राहिलीय. मशीनचा पत्ता कुणाचा लिहू, काकांचा की तुमचा?"