पुढे गेली

हॉस्पिटलमधून फोन आला त्या दिवशी माझ्या आईने धाकटीला पोटाशी धरून सांगितलं, "बाळा, तुझी आई पुढे गेली."

क्रूझची सहल बायकोनेच ठरवली होती. मुलांसाठी मी ती रद्द केली नाही.

बोटीवर चढताच धाकटी डेकभर धावली. "बाबा, आई कुठल्या खोलीत आहे?"

"येडी आहेस का?" मोठा खेकसला आणि त्याने तोंड फिरवलं.

"आजीच म्हणाली, आई पुढे गेली. जागा पकडायला! एसटीत नाही का ती पकडायची?"

जेवायला बसताना तिने शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. "काकू, इथे माझी आई येणार आहे," बसायला आलेल्या बाईंना ती म्हणाली. मी त्या बाईंना पलीकडची खुर्ची ओढून दिली.

उद्या बोट परत मुंबईला लागेल. मी तिला अजून सांगितलेलं नाही.