चौतीस मीटर

दुकानदाराने खोकं माझ्यासमोरच फोडलं, तरी मला तो माणूस सरळ वाटेना. पाण्यातली खोली दाखवणारा, धोक्याच्या खोलीला ओरडणारा नवाकोरा डाइव्ह कॉम्प्युटर मनगटावर बांधला आणि त्यावर आकडा उमटला: खोली बारा मीटर. आम्ही तर कोरड्या दुकानात, पंख्याखाली उभे होतो.

"कुणाचा तरी वापरलेला माल माझ्या गळ्यात मारताय," मी म्हणालो.

"देवाशप्पथ, कोरा पीस आहे!" त्याने दुसरं खोकं फोडलं. त्यातल्या कॉम्प्युटरवरही बारा.

उद्या मी वहिनींबरोबर समुद्रात नायट्रॉक्सवर उतरणार होतो. त्या हवेत ऑक्सिजन जास्त. ती घेऊन चौतीस मीटरच्या खाली गेलं की जिवावर बेततं. दादा तसाच गेला. तेव्हा पाण्यात त्याच्या जोडीला वहिनीच होत्या.

आकडा नीट दिसावा म्हणून मी दाराशी गेलो, तर तिथे शून्य.

"काय झालं, भाऊजी?" काउंटरपाशी उभ्या असलेल्या वहिनी माझ्याकडे यायला लागल्या. बारा. वीस.

"तिथेच थांबा जरा."

त्या थांबल्या. आकडाही थांबला.

"असं काय करता?" त्या हसल्या आणि पुढे येऊन त्यांनी माझं मनगट धरलं. चौतीस. कॉम्प्युटर केकाटायला लागला. दुकानदार मागे सरकला.

वहिनींनी मनगट सोडलं नाही.

"फार ओरडतो हो हा," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "आवाज बंद करता येतो ना? आमच्या ह्यांचा मीच करून दिला होता."