ब्रेकचं रबर

पाचव्या वळणावर टपालवाली सायकलवरून उतरली आणि हँडल धरून ढकलू लागली. तिचा नवरा वर, सहाव्या वळणावर, कठड्याला टेकून तिची वाट बघत होता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसून काचा घासणारा माणूस, पण त्याला साधी धापसुद्धा लागली नव्हती. म्हणजे घाट तो खरंच चढत होता. मग तर प्रकरण आणखीच गंभीर होतं.

वर्षभर तो दर रविवारी सकाळी या घाटात यायचा आणि घरी परतला की उतरणीच्या गोष्टी सांगायचा. ट्रक वीतभर अंतरावरून गेला, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी आलं, चाकं रस्त्याला टेकतच नव्हती. तो परत येईपर्यंत ती देव पाण्यात घालून बसलेली असायची.

काल संध्याकाळी स्वतःच्या सायकलचे ब्रेक घट्ट करता करता तिने सहज त्याचीही सायकल उलटी केली. ब्रेकच्या रबरावर कारखान्यातून आलेल्या खाचा जशाच्या तशा होत्या. सपाट गल्ल्यांतून टपाल वाटताना तिचं रबर सहा महिन्यांत झिजून जायचं.

"रबर कधी बदललंत हो?" तिने विचारलं.

"छे, पहिलंच आहे. चांगल्या सायकलला काही करावं लागत नाही," तो म्हणाला आणि वर कौतुकाने घंटी वाजवून दाखवली.

तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. जो माणूस सायकलवर वर जातो आणि सायकलवर खाली येत नाही, तो मधल्या वेळात असतो कुठे? आणि कोणाकडे? आज सकाळी "मीही येते" म्हटल्यावर त्याचा चेहरा असा पडला, की तिची उरलीसुरली शंकाही फिटली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

सहाव्या वळणावर चहाची टपरी होती. "आज दोघं का?" टपरीवालीने विचारलं. टपालवालीने तिला नखशिखांत न्याहाळलं. म्हातारी सत्तरीची होती आणि हसली तेव्हा तोंडात एकच दात दिसला. हिला तिने संशयितांतून वगळून टाकलं.

"तू इथूनच परत जा," नवरा म्हणाला. "वर बघण्यासारखं काही नाही."

"मग तुम्ही काय बघायला जाता?"

"वारा असतो छान."

"वारा का? चला की, माझीही ओळख करून द्या."

पुढे आणखी पाच वळणं होती. खडा चढ आला की ती उतरून ढकलायची आणि तो थांबायचा. थांबला की तिच्याकडे न बघता मागचा रस्ता बघायचा, आणि लगेच मान फिरवायचा. तिच्या नजरेतून हे सुटत नव्हतं.

माथ्यावर मैलाचा दगड, पत्र्याची एक शेड आणि भाजीचा टेम्पो, एवढंच होतं. सायकल सोडून ती तडक शेडच्या मागे गेली. तिथे रिकाम्या टोपल्या होत्या.

ती पुढे आली, तोवर टेम्पोवाल्याने नवऱ्याची सायकल उचलून कोबीच्या पोत्यांवर ठेवलीही होती. एक शब्द न विचारता, सवयीने. दोरी त्याच जागी तयार लोंबत होती.

"काय भाऊ, आज उशीर? मी निघतच होतो," तो गाठ मारता मारता म्हणाला. मग त्याला ती दिसली. "वहिनींचीही चढवू ना?"

"दर रविवारी येतात का हे तुमच्याबरोबर?" तिने विचारलं.

"दर रविवारी. उतार बघितला की भाऊंना गरगरतं ना. घाट संपला की उतरवून देतो. मग जातात चालवत."

नवरा आपल्या बुटांकडे बघत होता. तिला आधी हायसं वाटलं. ते पुरतं वाटून होतं न होतं, तोच तिचं डोकं फिरलं.

"अहो, वर्षभर मी तिकडे जीव मुठीत धरून बसते! नुसतं सांगायचं ना, भीती वाटते म्हणून."

"पहिल्याच रविवारी सांगणार होतो," तो म्हणाला. "पण तू दारात उभी होतीस, पाणी घेऊन. विचारलंस, भीती नाही ना वाटली? आणि तुझ्याच हातातलं अर्धं पाणी सांडलं." त्याने दोरीची गाठ चाचपली. "माझ्यासाठी कोणी असं दारात उभं राहिलं नव्हतं गं कधी. वाटलं, पुढच्या रविवारीही उभी राहावीस."

टेम्पोवाल्याने तिच्या सायकलला हात घातला, तेव्हा तिने त्याचा हात बाजूला केला.

"ही राहू द्या. हिचं रबर वापरातलं आहे."

"अगं, वेड लागलंय का? केवढा उतार आहे!"

तिने पॅडलवर पाय ठेवला.

टेम्पो भरलेला होता, सावकाश घरघरत मागून येत राहिला. प्रत्येक वळणावर खिडकीतून नवऱ्याची हाक ऐकू येत होती. "ब्रेक! अगं ब्रेक दाब!" ब्रेक तिने पहिल्या वळणापासूनच दाबून धरलेले होते, रबराचा जळका वासही येत होता. हे तिने त्याला सांगितलं नाही. मागेही वळून बघितलं नाही.

घाटाच्या पायथ्याशी टेम्पो थांबला. दार धरून नवरा खाली उतरला. टपालवाली रस्त्याच्या कडेला उभी होती. तिने पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली आणि अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

"भीती नाही ना वाटली?" तिने विचारलं.

"वाटली," तो म्हणाला.