नावाखालची नावं

"मावशी, पाच वर्षं झाली. जागा आता रिकामी करायला हवी," म्हणत कबरी खणणाऱ्या सांतानने पास्कूच्या कबरीवरचा सागवानी क्रूस उपटला. चर्चचं कबरस्तान एवढंसं, पाळी येणारच, हे रेजिनाला ठाऊक होतं. पण नवऱ्याची हाडं सगळ्यांच्या सामायिक खड्ड्यात गेल्यावर त्याला भेटायचं कुठं?

"कुणाला देणार?"

"तुमच्या शेजारच्या इनासला. उद्या माती आहे त्याची."

वीतभर बांधावरून पास्कूशी जन्मभर भांडलेला इनास! "मेल्यानं घेतलीच शेवटी जागा," ती म्हणाली आणि हसता हसता रडली.

सांतान क्रूसावरचा रंग खरवडू लागला. पास्कूच्या नावाखाली दुसरं नाव निघालं, त्याखाली तिसरं. अगदी तळाशी तिच्या आत्याचं. आत्याची कबर अशीच रिकामी केली तेव्हा सात वर्षांची रेजिना 'आत्या हरवली' म्हणून इथंच रडली होती.

"इतकी वर्षं हाच क्रूस?"

"नावं बदलतात, मावशी. हा कशाला बदलेल?"

तिनं लाकडावरून हात फिरवला. कुणीच हरवलं नव्हतं. सगळी त्या एका ख्रिस्ताच्याच पदराखाली होती.

सांतानने ब्रश रंगात बुडवला. रेजिनाने क्रूस दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"नाव ठळक लिही हं. इनासच्या बायकोला कमी दिसतं."