पत्त्याच्या पुढे

"हे असं कोण लिहितं?" दादा म्हणाला.

"तूच सांगितलं होतंस," असं म्हणून ती आईच्या धुतलेल्या चादरी घेऊन बाल्कनीत गेली. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं.

त्यानेच सांगितलं होतं, हे खरं. अडीच वर्षांपूर्वी आईची डावी बाजू गेली तेव्हा त्याने लांबच्या शहरातून फोनवर जाहीर केलं, की आपण याच्याकडे प्रोजेक्ट म्हणून बघू. एक साधी टेक्स्ट फाइल, दोघांनाही आपापल्या कॉम्प्युटरवर दिसेल अशी. रोज एक ओळ. आधी तारीख, मग त्या दिवशीच्या रिपोर्टची किंवा औषधांच्या तक्त्याची फाइल जिथे ठेवली असेल तिथला पत्ता, आणि त्यापुढे काही सांगायचं असेल तर ते. पत्ता पूर्णच लिहायचा, उगाच घोळ नको. दादाचं सगळं कसं शिस्तीत. आईला उचलून बसवायला शिस्त लागत नाही, कंबर लागते. पण ते असो.

आता तो चार दिवसांसाठी आला होता आणि उद्या सकाळच्या गाडीने निघणार होता. दुपारची जेवणं झाली, आईचा डोळा लागला. करायला काही नव्हतं, म्हणजे त्याला नव्हतं, म्हणून लॅपटॉप मांडीवर घेऊन तो ती फाइल बघत बसला. नऊशे ओळी, आणि प्रत्येक ओळीत तेच चऱ्हाट: घर/कागदपत्रं/आई/उपचार/डावी-बाजू/रिपोर्ट-आणि-तक्ते/. शेवटचा तुकडा तेवढा वेगळा.

त्याला राहवेना. त्याने सगळ्यात वर एक ओळ लिहिली, की 'आ' म्हणजे हा एवढा पत्ता. मग खाली जिथे जिथे ते चऱ्हाट होतं तिथे तिथे कॉम्प्युटरला नुसतं 'आ' टाकायला लावलं. एक बटण दाबलं आणि नऊशे ओळी झटक्यात आखडल्या. दहा मिनिटांचं काम होतं, अडीच वर्षं उगाच हमाली केलीस, असं त्याने बाल्कनीकडे तोंड करून सांगितलंही. तिच्या तोंडात चादरीचा चिमटा होता. ती "हं" म्हणाली.

मग तो परत स्क्रीनकडे वळला आणि तसाच बसून राहिला.

त्याच्या लॅपटॉपवर लांब ओळ खाली वळत नसे. ती सरळ उजवीकडे पळत स्क्रीनच्या बाहेर जाई. वळलेल्या ओळी त्याला गबाळ्या वाटत, म्हणून त्यानेच तशी सोय करून ठेवली होती. तारीख दिसे, पत्ता दिसे, पत्त्यावर टिचकी मारली की कागद उघडे. तेवढं त्याला पुरे होतं. आता पत्ते आखडले आणि ओळींच्या शेपट्या आत आल्या.

'बीपी ठीक. रात्री चारदा उठवलं.'

'आज ताट ढकलून दिलं. माझ्यावर रागावली आहे.'

'पाठीला जखम होतेय. एकटीला कूस बदलता येत नाही.'

'ऑफिसातून विचारणा आली, पूर्णवेळ येणार की नाही.'

'नाही म्हणून कळवलं.'

तो भराभर खाली जात राहिला. आठ महिन्यांपूर्वीच्या एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

'दादा, मला आता होत नाही. महिनाभर येऊन राहशील का? फोनवर बोलायला गेले की आई ऐकते, म्हणून इथे लिहितेय.'

दुसऱ्या दिवशी: 'दादा, वाचलंस का?'

त्याच्या दुसऱ्या दिवशी: 'बरं.'

त्यानंतर काहीच नव्हतं. तारीख, आ, कागद. तारीख, आ, कागद. पार आजपर्यंत.

त्या 'बरं'च्या दिवशी आपण फोन केला होता, हे त्याला नेमकं आठवलं. आईची साखर आटोक्यात आली म्हणून तिला शाबासकी दिली होती.

ती रिकामी बादली घेऊन आत आली. त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि म्हणाला, "हे मला आज दिसलं."

तिने वाकून वाचलं. स्वतःचंच लिहिलेलं, तरी तिला वेळ लागला. मग त्याने कसंबसं समजावलं, की तुझ्याकडे ओळ खाली वळते, माझ्याकडे वळत नाही, पत्त्याच्या पुढचं मला कधी दिसलंच नाही. उजवीकडे सरकवून बघायला हवं होतं, हेही तो म्हणाला. खालच्या मानेने म्हणाला.

ती खुर्चीत बसली. बादली हातातच होती.

"मला वाटलं, वाचून गप्प बसलास," ती म्हणाली.

आठ महिने तिने तसंच धरून चालवलं होतं. त्याचे फोन घेतले, हसून बोलली, तो आला तेव्हा त्याच्या आवडीचं करून वाढलं, आणि मनातून त्याचं नाव टाकून दिलं होतं. आता राग कुणावर धरायचा, तेच कळेना. रडू येईल असं वाटलं, पण तेही आलं नाही. नुसती झोप आली.

आतून आईची हाक आली. नेहमीसारखी, तिलाच.

दोघंही उठले. मग ती परत बसली.