टिप्याचा फराळ

"साखर नाही, मीठ नाही. हा फराळ आहे की शिक्षा?" आईनं कुत्र्याच्या ताटात डोकावत विचारलं.

शलाका उकडलेल्या भोपळ्याचे लाडू वळत राहिली. गाजराच्या शंकरपाळ्या कापून झाल्या होत्या आणि किसलेल्या उकडलेल्या अंड्याला तिनं चिवडा म्हणायचं ठरवलं होतं. भाऊबीज होती. पाटावर टिप्या बसला होता, गळ्यात झेंडूची माळ आणि नजर चिवड्यावर.

मागच्या दिवाळीत दादानं लाडालाडात त्याला बेदाण्यांचे लाडू चारले, बेदाणे कुत्र्यांना विषासारखे असतात हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि टिप्या चार दिवस सलाइनवर होता. तेव्हाच तिनं सांगून टाकलं होतं, यापुढे ओवाळीन तर टिप्याला. वर्षभर ती दादाशी फोनवरही बोलली नव्हती.

आज दादा पुण्याहून आला, बॅग दारातच टाकून पाटाशेजारी फरशीवर बसला. "माझी जागा गेली वाटतं."

"गेली. त्याच्यापायी अजून कुणी मरता मरता वाचलेलं नाही."

दादानं ताटातला एक लाडू उचलला, फोडून आत बोट फिरवलं आणि आधी स्वतः खाल्ला. त्याचं तोंड वाकडं झालं. मग दुसरा फोडला, उजेडात धरून पाहिला आणि टिप्यापुढे केला. तिसराही तो असाच फोडायला लागला.

"बास कर, सगळ्यांचा चुरा करशील," असं म्हणत तिनं टिप्याला ढकलून पाटावर जागा केली. "बस इथं. आणि त्याची ओवाळणीपण तूच घालायचीस. त्याला खिसा नाहीये."