शिंगाळ्याचा काटा

शिंगाळा मासा साफ करताना काटा बोटात रुतला, तरी दर्शनाकाकींनी हंगामाचा पहिला बाजार चुकवला नाही. मनगटाला बांधलेल्या यंत्रपट्टीचं बटण दाबून त्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशींना गप्प बसवलं. ना सूज, ना ठणका. मासळी झपाट्याने विकली गेली. आज, चौथ्या दिवशी मात्र बोट काळंनिळं आणि गार पडलं होतं.

"काकी, जंतूंना रान मोकळं करून दिलंत," डॉक्टर म्हणाले आणि औषध टोचून त्यांनी मनगटावरची यंत्रपट्टी काढली. "आता पेशी जाग्या झाल्या, तर ठणकेल. ठणकलं तरच बोट वाचेल."

घरी काकी बोटाकडे बघत बसून राहिल्या. दिवेलागणीला अचानक अशी कळ आली, की सून चूल सोडून धावली. बोट लालभडक, टम्म फुगलेलं.

"दुखतंय गं, मरणाचं दुखतंय!" काकी रडता रडता हसल्या. "जा, देवापुढे साखर ठेव."